एवढं म्हणजे केवढं?

गेल्या गणपतीत आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. माझी भाची नववीत आहे, तिने भाग घेतला होता. विषय होता पाणी. तिने तिच्या आजीच्या माहेरची विहीर घेतली: रहाट, पोहरा, मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी, पोहरा वर येईपर्यंत ताटकळलेल्या बायका. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या, पण नंबर आला नाही. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, 'मांडणी चांगली. हातवारे टाळावेत.' त्यानंतर महिन्याभरात तिच्या शाळेत व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं. तिथे बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात एक वही दिली होती, दोन्ही हातांनी धरायची. वहीत काही लिहिलेलं नव्हतं. हात हलू नयेत एवढंच तिचं काम.

घरी यावरून वाद पेटला. आईचं म्हणणं, पोरगी जीव ओतून बोलते, तिला कशाला अडवता. वहिनीला दोन्ही बाजू पटत होत्या. दादा मात्र ठाम होता. "उद्या तिला मुलाखती द्यायच्यात, बाहेर जायचंय. बाहेरचे लोक असे हात उडवत बोलत नाहीत." आणि मग लेकीकडे वळून, "हवं तर तुझ्या आत्यालाच विचार, जपानमध्ये कोणी हात हलवतं का ते."

तो प्रश्न माझ्यापर्यंत रविवारी संध्याकाळी पोचला. फोनवर मी जे काही सांगितलं ते तुटक होतं आणि दादाच्या आवाजापुढे टिकलं नाही. पण माझं नाव साक्षीला काढलंय, तर साक्ष पूर्ण द्यायला हवी.

मी २०१० पासून टोकियोत आहे, दुभाष्याचं काम करते. ठाण्यात बसून जपान म्हटलं की शिस्तीत, हात मांडीवर ठेवून, हळू बोलणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. ते चित्र अर्धं खरं आहे. इथल्या गाडीत कोणी फोनवर मोठ्याने बोलत नाही. बैठकीत हात टेबलावर किंवा मांडीवर असतात. पण 'मी' म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो तसं इथला माणूस नाकाकडे बोट नेतो. 'छे, नाही हो' म्हणताना नाकासमोर पंजा पंख्यासारखा हलतो. एखादी गोष्ट साफ चालणार नसेल तर दोन्ही हातांची फुली होते, आणि ती फुली दुकानदारापासून पोलिसापर्यंत सगळे करतात. कोणाच्या समोरून जायचं असेल तर हाताची कड पुढे करून, जरा वाकून, गर्दी कापल्यासारखं जायचं. बोलावताना मात्र पंजा आपल्यासारखाच, पालथा. पहिल्या महिन्यात मला घरचं वाटलं ते एवढंच.

आणि फोनवर बोलताना लोक वाकून नमस्कार करतात. रस्त्याच्या कडेला उभा असलेला सूटमधला माणूस कानाला फोन लावून समोरच्या भिंतीला तीनदा वाकतो. पलीकडच्याला ते दिसत नाही हे त्याला माहीत असतं. आवाजातला आदर कमरेतून येतो, म्हणून तो वाकतो.

दादाला मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते गाडीचं. मी निशि-कासाईला राहते, तोझाई लाइनवर. गाडी फलाटाला लागली की मागच्या डब्यातला गार्ड बाहेर येतो, पांढरे हातमोजे घातलेला हात सरळ ताणून फलाटाच्या टोकाकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो, 'योशि', म्हणजे ठीक. पुढे मोटरमनही तेच करत असतो. सिग्नलकडे बोट, वेगाच्या काट्याकडे बोट, वेळापत्रकावरच्या ओळीवर बोट, आणि प्रत्येक वेळी तोंडाने उच्चार. याला शिसा कान्को म्हणतात. बघायला कोणी असो नसो, रोज, प्रत्येक स्टेशनवर. जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने १९९४ साली याची चाचणी घेतली. साध्या कामात शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून आणि मोठ्याने म्हणून तेच काम केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. आपल्याकडेही मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल आला की हात उंचावून तो एकमेकांना सांगतात. हजारो प्रवाशांचा जीव ज्यांच्या हवाली आहे त्यांना कोणी हात स्थिर ठेवा असं सांगत नाही. ज्या देशाचं नाव घेऊन भाचीच्या हातात वही दिली जाते तिथे ही रोजची गोष्ट आहे.

आता माझं स्वतःचं. वहीबद्दल ऐकलं तेव्हा मला एक निळी फाइल आठवली.

पहिल्या वर्षी मी ज्या कंपनीत होते तिथल्या एका वरिष्ठ बाईंनी बैठकीनंतर मला बाजूला घेतलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "तुमचे हात फार बोलतात. समोरच्यांचं शब्दांवर लक्ष राहत नाही." त्यात दुष्टपणा नव्हता. पण मी इतकी ओशाळले की दुसऱ्या दिवसापासून बैठकीला जाताना एक फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरायला लागले. वर्षभरात तिचे कोपरे माझ्या बोटांखाली झिजून मऊ पडले. आणि माझे शब्द अडायला लागले. भाव, तारखा, कलमं यांचं भाषांतर नीट व्हायचं. पण यंत्राचा कोणता भाग कोणत्या बाजूने सरकतो, पट्टा वरून येतो की खालून, झाकण आत उघडतं की बाहेर, हे सांगायची वेळ आली की मी मध्येच थांबायचे. शब्द पाठ असायचा आणि ओठांवर यायचा नाही. मला वाटलं, माझी भाषाच कच्ची आहे. रात्री जागून शब्दांच्या याद्या पाठ केल्या. काही उपयोग झाला नाही, कारण दुखणं तिथे नव्हतंच.

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ साली नेमकी हीच गोष्ट तपासली होती. लोकांना हात हलवू न देता बोलायला लावलं, तेव्हा जागा आणि हालचाल यांबद्दल सांगताना त्यांचं बोलणं मंदावलं, अडखळणं वाढलं. बाकीच्या बोलण्यात तसा फरक पडला नाही. शिकागो विद्यापीठात सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आणखी एक प्रयोग मांडला: मुलांना आणि मोठ्यांना एक यादी लक्षात ठेवायला दिली आणि ती डोक्यात धरून गणित समजावून सांगायला लावलं. ज्यांना हात हलवू दिले त्यांच्या यादीतलं जास्त लक्षात राहिलं. हात हलतो तेव्हा डोक्यावरचं थोडं ओझं तो उचलतो. हे वाचलं तेव्हा मला त्या याद्या पाठ करत घालवलेल्या रात्रींचं वाईट वाटलं.

माझी सुटका झाली ती काचेच्या खोलीत. मोठ्या परिषदांत वक्ता बोलत असतानाच दुभाषी एका बंद खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून भाषांतर बोलत जातात. तिथे फाइल धरायला जागाच नव्हती. माझ्या शेजारी बसायची ती सहकारी पक्की टोकियोची, एरवी चहाचा पेलाही दोन्ही हातांनी, आवाज न करता ठेवणारी. हेडफोन चढला की तिचा उजवा हात हवेत जायचा. लांब वाक्य आलं की तो पंजा उघडा धरून ती क्रियापदाची वाट बघायची, आणि क्रियापद आलं की मूठ मिटायची. तिचं बोलणं ऐकणारे दोनशे जण खाली बसलेले, हात बघणारी मी एकटी. त्या दिवशी मी माझे हात सोडले. जपानी क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखंच, आणि ते येईपर्यंत वाक्याचा भार कुठेतरी तोलून धरावा लागतो. मी तो हातात धरते.

बोलताना हात समोरच्यासाठी हलतो असं आपण धरून चालतो, तेवढंच खरं असतं तर जन्मांध माणसाचे हात हलले नसते. याना आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांनी १९९८ साली जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आयुष्यात कोणाचा हात हलताना पाहिलेला नाही, तीही बोलताना हात हलवत होती. ऐकणाराही अंधच आहे हे सांगितलं तरी हलवत होती. म्हणजे हे अनुकरण नाही आणि नाटक तर नाहीच. हात हा बोलण्याचाच भाग आहे.

एवढं सगळं कळूनही माझे हात कमी झाले, हे मला कबूल केलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत ठाण्याला आले होते. सकाळी लेडीज डब्यात खिडकीजवळ बसायला मिळालं. मुलुंडला चढलेल्या एका बाईने माझ्याकडे बघून मनगट अर्धं फिरवलं आणि बोटं उघडली. मी बघतच राहिले. दोन सेकंदांनी डोक्यात आलं: 'कुठे उतरणार?' कॉलेजची पाच वर्षं मी हा प्रश्न रोज विचारला होता, रोज त्याला उत्तर दिलं होतं, दोन माणसांच्या डोक्यांवरून, एक शब्द न बोलता. उत्तर द्यायला हात वर केला तोपर्यंत ती पुढच्या बाईकडे वळली होती, आणि त्या बाईने तिला डोळ्यांनी आणि एका बोटाने जागा देऊनही टाकली होती. घाटकोपर येईपर्यंत माझ्या पोटात कालवत होतं.

त्याच संध्याकाळी घरी, नौपाड्यात, दिवाणावर बसून मी आईला टोकियोच्या नव्या घराबद्दल सांगत होते. आई भाजी निवडत ऐकत होती. मध्येच थांबली, हातातली मेथीची जुडी ताटात ठेवली आणि म्हणाली, "तुझे हात कुठे गेले गं?" मी खाली पाहिलं. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक, नीट ठेवलेले. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

हे असं होतं हे काही नवं नाही. डेव्हिड एफ्रॉन नावाच्या अभ्यासकाने १९३० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे आणि दक्षिण इटलीतून आलेल्या लोकांचे हातवारे टिपले, चित्रित केले. त्या काळी जर्मनीत नाझी पंडित सांगत होते की हातवारे रक्तातून येतात, वंशाची ती खूण आहे. एफ्रॉनला दिसलं ते उलटं. वस्तीत राहणाऱ्या ज्यूंचे आणि इटालियनांचे हात एकमेकांपासून ओळखू यायचे, पण जे अमेरिकी समाजात मिसळून गेले होते त्यांच्यात तो फरक उरलेला नव्हता. त्याचा ग्रंथ १९४१ साली निघाला. हात संगतीने घडतात आणि संगतीने बदलतात. माझे पंधरा वर्षांत बदलले, त्यासाठी मला कोणी शिबिरात पाठवलं नव्हतं. भाची उद्या टोकियोला किंवा टोरांटोला गेली तर तिचेही बदलतील, आपोआप. मग नववीतच तिच्या हातात वही कशासाठी? घरी राहून तिने ते आधीच गमावून बसावं म्हणून?

आणि ती गमावणार ते काय आहे हे मला आईच्या स्वयंपाकघरात दिसतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी तिला व्हिडिओ कॉल केला, उकडीच्या मोदकांसाठी. तिने एका हातात फोन धरून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाली, "थांब, असं नाही सांगता येत." फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दोन पावलं मागे गेली. आता दोन्ही हात मोकळे. पाणी किती तर 'एवढं', आणि अंगठा तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर. मीठ 'इतकुसं', तर अंगठ्याचं नख करंगळीच्या टोकाला. पारी केवढी जाड, तर तिने हवेत नसलेली पारी दोन बोटांत धरून मला कडेने दाखवली. मग कळ्या. डाव्या तळहाताची वाटी केली, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं एकत्र आणून हवा चिमटीत धरली, जराशी ओढली, पुढे सरकली, पुन्हा धरली. तर्जनीचं नख हळदीने पिवळं होतं. "अशा अशा अशा घ्यायच्या." या वाक्यात तीनदा 'अशा' आहे आणि बाकी काही नाही. कागदावर उतरवलं तर त्याला काडीचा अर्थ नाही. मी त्या वाक्यावर मोदक केले, अकरापैकी नऊ उभे राहिले.

आपली भाषाच अशी बसलेली आहे. एवढं, अस्सं, इतकुसं हे शब्द हाताशिवाय अर्धे आहेत. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही मापं म्हणजे हाताचेच आकार. टीचभर आणि वीतभर यांत अंतर किती ते बोटं ताणल्याशिवाय कोणाला सांगता येतं? तांदळावर पाणी एक पेर. त्रितालाच्या सोळा मात्रा अंगठ्याने चार बोटांवर मोजतात, तीन पेरं आणि एक टोक, चार चोक सोळा. जपानीतही चिमूटभराला 'हितोत्सुमामी' आणि मूठभराला 'हितोनिगिरी' म्हणतात, पण पाककृतीत ते शब्द लिहिलेले असतात. आईचं 'एवढं' लिहिता येत नाही, तिच्याकडून बघावं लागतं. गडकरी रंगायतनमध्ये बसून ज्यांनी ख्याल ऐकलाय त्यांनी गवयाचा हात तानेबरोबर चढताना आणि समेवर पडताना पाहिलाय. भीमसेन जोशींच्या हातात कोणी वही दिली असती तर त्या गाण्याचं काय झालं असतं याचा विचार परीक्षकांनी करावा.

या सगळ्यात एक गोष्ट मला जास्त टोचते. 'हात नाचवून बोलू नकोस' हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. दादाने ते एकदाही ऐकलं नाही. तो क्रिकेटच्या षटकाचं वर्णन करताना अख्खी गॅलरी अडवायचा, तेव्हा सगळे कौतुकाने बघायचे. मुलगा हात हलवून बोलला तर तो रंगवून सांगतो, मुलगी बोलली तर ती भांडखोर दिसते. त्यातच जोडीला आणखी एक वाक्य असायचं, 'काय मासळी बाजार मांडलाय!' आमच्या इमारतीत चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी पाटी घेऊन यायची. हलवा मासा केवढा आहे ते ती आपल्याच हातावर दाखवायची, बोटांच्या टोकापासून मनगटाच्या वर चार बोटं. तुकडे किती पडतील ते तळहाताच्या कडेने हवेत कापून दाखवायची, आणि ते तितकेच पडायचे. भावाला हो म्हणायचं असेल तर पाटीच्या कडेवर एक थाप. इतकं नेमकं बोलणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. आणि तिचं बोलणं म्हणजे कसं बोलू नये याचा नमुना, असं आम्हाला शिकवलं जायचं. आता त्याच शिकवणुकीला 'प्रोफेशनल दिसत नाही' असं नवं नाव आलंय. मुलींनी, आणि कष्टाचं काम करणाऱ्यांनी, अंग चोरून बोलावं ही अपेक्षा तशीच आहे.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर वाशीचं सांगते. माझा मामा तिथल्या फळबाजारात एका गाळ्यावर दिवाणजी होता. शाळेच्या सुट्टीत एकदा हापूसच्या हंगामात त्याच्याबरोबर गेले होते. दोन माणसं समोरासमोर उभी, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली. चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत होता. चार हातांवर पेट्यांजवळ कोकणातून आलेला बागायतदार उभा होता, त्याच्याच आंब्याचा भाव, आणि तो रुमालाकडे बघत होता. बाजार समितीत उघड लिलाव व्हावा असं कायदा सांगतो, आणि रुमालाखालच्या सौद्याविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवलाय. पुष्कळ वर्षांनी मी पाहुण्यांना घेऊन तोयोसूच्या मासळी बाजारात गेले. त्सुकिजीचा जुना बाजार २०१८ साली इथे हलला. पहाटे साडेपाचच्या सुमाराला घंटा वाजते आणि ट्यूना माशांचा लिलाव सुरू होतो. टोपीवर नंबर लावलेले खरेदीदार हात वर करून बोटांनी आकडा दाखवतात, लिलाव पुकारणारा अखंड लयीत ओरडत असतो, आणि वरच्या सज्जातून आमच्यासारखे परके लोकही ती बोटं बघू शकतात. दोन्हीकडे बोटांचीच भाषा. एकीकडे ती झाकलेली होती म्हणून ज्याचा माल त्यालाच कळत नव्हती. माझं उघड्या हातावर प्रेम आहे ते तेव्हापासूनचं.

हात बांधण्याचा मोठा इतिहासही आहे, तो एका परिच्छेदात सांगते. बहिऱ्या लोकांची खुणांची भाषा ही आपल्या हातवाऱ्यांहून वेगळी, स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला की बहिऱ्या मुलांना खुणांऐवजी तोंडानेच शिकवावं. त्यानंतर कितीतरी देशांत शाळांमधून मुलांना हातांवर बसवलं गेलं, हात बांधले गेले. त्याबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूव्हरला. मध्ये १३० वर्षं गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात टोकियोत बहिऱ्या खेळाडूंची डेफलिंपिक्स झाली. मी व्हॉलीबॉलचा एक सामना बघायला गेले होते. गुण मिळाला की प्रेक्षक दोन्ही हात वर करून पंजे थरथरवायचे, हीच टाळी. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या जपानी गृहस्थांचेही हात वर होते, कोपरापासून सरळ.

दादाचं सगळंच चुकलंय असं मी म्हणत नाही. टोकियोतल्या बैठकीत खांद्याच्या वर हात गेला तर समोरचा माणूस मागे सरकतो, हे मी पाहिलंय. माणसाकडे बोट रोखणं इथे उद्धटपणा आहे, आणि आपल्याकडेही वडीलधाऱ्यांसमोर ते कधी चालत नव्हतं. माणूस दाखवायचा तर पूर्ण पंजा, तळवा वर, ही इथली सवय मी भाचीला जरूर शिकवीन. घरी मराठी बोलतो आणि मुलाखतीत इंग्रजी, तसे हातही जागा बघून बोलतील, ते मुलांना लवकर जमतं. परीक्षकांचीही एक बाजू असणार. वक्तृत्व स्पर्धांत मुलांना हातवारे पाठ करून दिलेले असतात: देश म्हटला की छातीवर हात, भविष्य म्हटलं की आकाशाकडे बोट, एकाच्या मागोमाग पंधरा मुलं तेच करतात. त्याचा वीट येणं साहजिक आहे. पण तो आणि खरा हात ओळखायला कठीण नाही. बोलण्यातून उगवलेला हात शब्दाच्या जरासा आधी निघतो किंवा त्याच्याबरोबर पोचतो. पाठ केलेला शब्दामागून धावत येतो. गुण कापायचे तर ते ओळखून कापा. 'हातवारे टाळावेत' असा सरसकट शेरा मारू नका.

हे सगळं मी दादाला लिहून पाठवलं. त्याने वाचलं, दोन दिवस काही कळवलं नाही, मग एवढंच म्हणाला, "बघू." शाळेत जानेवारीत पुन्हा स्पर्धा होती. तिच्या दोन दिवस आधी भाचीचा कॉल आला, सराव बघायला. तेच विहिरीचं भाषण, थोडं बदललेलं. फोन दादाने धरला होता, त्याचा अंगठा चौकटीच्या कोपऱ्यात दिसत होता. सुरुवातीला ती हात पाठीमागे बांधूनच उभी होती.

"आत्या, विहिरीच्या जागी हात खाली नेऊ की नको?"

"तुझी विहीर खोल केवढी आहे?" मी विचारलं.

तिने हात सोडले. रहाटाचा दोर धरला, एकामागून एक दोन्ही हातांनी ओढायला लागली, पोहरा काही वर येईना, ती आणखी वाकली, हात चौकटीच्या खाली गेले आणि दिसेनासे झाले. मग चित्र हललं. दादा फोन घेऊन मागे सरकत होता, एक पाऊल, दुसरं, पाठ कपाटाला लागेपर्यंत, तिचे दोन्ही हात नीट दिसेपर्यंत.